इंदूरहून भोपाळ एका दिवसात होतं, सोमवार तेवढा सोडा

तुम्ही विचारलंय: "इंदूरहून पहाटे निघून भोपाळ एका दिवसात बघून रात्री परत येता येईल का? जानेवारीत एका मित्राबरोबर जायचं आहे. की सगळे म्हणतात तसं तिथे तलावाशिवाय बघण्यासारखं काही नाही?"

येता येतं. झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्यासाठी मात्र चहाचा कप घेऊन बसले आहे, कारण "तलावाशिवाय आहे काय तिथे" हे वाक्य आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात रोज सकाळी पेपरबरोबर यायचं. म्हणणारे माझे वडील. आणि त्यांनी भोपाळ कधी पाहिलं नव्हतं. रेल्वेने दोनदा तिथून गेले असतील, तेही खिडकी लावून घेऊन.

कारण सांगते. वडील मध्य भारताच्या सचिवालयात कारकून होते. १९४८ ते १९५६ असं एक राज्य होतं, शिंद्यांचं ग्वाल्हेर, होळकरांचं इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं मिळून केलेलं. कोणाचाच रुसवा नको म्हणून राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. थंडी पडली की वडील फायलींच्या पेट्यांबरोबर ग्वाल्हेरला जायचे आणि पायांच्या बोटांना सूज घेऊन परतायचे. तेव्हा "हिवाळ्यात राजधानी बघायची" म्हणाल तर आमच्या घराच्या हिशेबाने ती ग्वाल्हेर. असो.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं आणि राजधानी गेली भोपाळला. तेव्हा भोपाळ जिल्हासुद्धा नव्हता, सिहोर जिल्ह्यात मोडायचा. वेगळा जिल्हा झाला १९७२ साली. म्हणजे राजधानी आधी आणि जिल्हा सोळा वर्षांनी! बाकीच्यांची समजूत घातली ती वाटणीत भांडी देतात तशी: जबलपूरला हायकोर्ट, ग्वाल्हेरला महसूल मंडळ, आम्हाला लोकसेवा आयोग आणि एक खंडपीठ. वडिलांच्या हातात बदलीचा कागद पडला. त्यांना इतिहासाची फार हौस. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला भोपाळात कोंडलं होतं, आतला दाणागोटा संपत आला तेव्हा निजाम वाटाघाटींना आला आणि ७ जानेवारी १७३८ ला दोराहा सराईच्या तहात माळवा सोडून बसला. तर वडील साहेबांना म्हणाले म्हणे, "भोपाळात कोंडून घ्यायला मी काय निजाम आहे?" आणि दिला राजीनामा. एका मिलच्या कचेरीत लागले. पेन्शन गेली. त्यानंतर महिनाअखेरीला घरात पैशांची ओढ लागली की आई डबे खाली-वर करत म्हणायची, "मागा आता निजामाकडे."

त्यांच्याच टेबलाशेजारचे एक काका मात्र भोपाळला गेले. त्यांची मुलगी ही माझी मैत्रीण. जन्म भोपाळचा, पण आजोळ आमच्याच वाड्यात, त्यामुळे दर मे महिन्यात ती दोन महिने इंदुरात. बिट्टी आणि सागरगोटे यांच्या मधल्या वेळात आमचं एकच भांडण चालायचं: कोणाचे बाबा शहाणे? हे भांडण आम्ही दोघी निवृत्त झालो तरी मिटलेलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाने ते पुन्हा उकरून काढलंय, तेव्हा भोगा.

जानेवारी २०२३. आमच्या इंदुरात प्रवासी भारतीयांचं संमेलन भरलं होतं. शहर नवरीसारखं सजवलेलं, रस्ते वळवलेले, भाजी आणायला निघालं तरी तीन ठिकाणी अडवणूक. मी मैत्रिणीला फोन केला, म्हटलं सोमवारी तुझ्याकडे येते, दिवसभर भोपाळ दाखव, रात्रीच्या बसने परत. ती म्हणाली, "राजधानी आमची आणि पाहुणे तुमच्याकडे?" मी म्हटलं, "घर बघून पाहुणे येतात." तर म्हणे, "पाहुणे तुमच्याकडे, सही आमच्याकडे." अशी ती आहे.

पहाटे साडेपाचला बस धरली. देवास, सोनकच्छ, आष्टा, सिहोर, एकशे नव्वदेक किलोमीटर. साडेतीन तासांत पोहोचायला हवं, पण आष्ट्याच्या पुढे धुकं असं की ड्रायव्हरने दिवे लावून बैलगाडीच्या चालीने बस काढली. (आता वंदे भारत आहे, सकाळी सहा वाजून गेल्यावर सुटते आणि तीन तासांत सोडते. तेव्हा नव्हती.) लालघाटीला उतरले तेव्हा सव्वादहा झाले होते. एकसष्ट वर्षांची बाई, डोक्याला कानटोपी, वर हेल्मेट, ॲक्टिव्हाला एक पाय टेकवून उभी. "बस मागे. निजामाची कन्या आली!" मी म्हटलं निजाम तुमचा. तिथून सुरुवात.

लालघाटीकडून शहरात शिरताना तलावाच्या काठाकाठाने रस्ता जातो. धुकं पाण्यावरून नुकतं उचलत होतं, पलीकडचा काठ दिसतच नव्हता. भोजराजाचा पुतळा पाण्यात उभा, त्याचे पायही धुक्यात. तिने गाडी कडेला घेतली. "हे तुझं ते 'तलावाशिवाय काही नाही'. एकतीस चौरस किलोमीटर. बघ आणि बोल." मी काय बोलणार? आमच्या इंदूरला १९७८ साली नर्मदेचं पाणी आलं ते तिकडे जलूदहून पंपाने चढवत चढवत, आणि या बाया हजार वर्षांपूर्वीच्या तलावातून घागर भरतात. "तालों में ताल भोपाल का ताल, बाकी सब तलैया" हे भोपाळचा प्रत्येक माणूस तुम्हाला ऐकवणारच. ऐकून घ्या, कारण खरं आहे. मी मात्र तेव्हा म्हटलं, "पाणी ठीक आहे, शहर दाखव."

माझी यादी तयार होती. भारत भवन हे कलाकेंद्र, मानव संग्रहालय, जनजातीय संग्रहालय. तिन्ही श्यामला हिल्सच्या अंगाला, जवळजवळ. भारत भवनाच्या दारात गेलो, दार बंद. चौकीदार उन्हात खुर्ची टाकून शेंगा सोलत होता. "आज मंडे है मैडम." जनजातीय संग्रहालय, बंद. मानव संग्रहालय, बंद. तिथल्या चौकीदाराने तर आमच्याकडे बघून नुसता हात हलवला. मी मैत्रिणीला म्हटलं, "साठ वर्षं इथे राहतेस आणि सोमवारची सुट्टी माहीत नाही?" तर ती शांतपणे म्हणाली, "मी तुला विचारलं होतं." मोबाइल काढून दाखवला. माझ्या "सोमवारी येते" खाली तिने लिहिलं होतं: "सोमवार?"

आता मला सांगा, याला सूचना म्हणतात का? एक शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. मी त्याचा अर्थ "सोमवारी का, रविवारी का नाही" असा घेतला. कोणीही तसाच घेईल. ती म्हणते, शहाण्याला शब्दाचा मार. मी म्हणते, शहाण्याला निदान वाक्य तरी द्यावं.

तर तुम्ही सोमवार टाळा. ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात आणि खरं सांगायचं तर निम्मं भोपाळ तिथेच आहे. मी नंतर एकदा मुलाबरोबर जाऊन मानव संग्रहालय पाहिलं. दोनशे एकराच्या आसपासची टेकडी, तिच्यावर ठिकठिकाणच्या लोकांनी स्वतः येऊन बांधलेली आपापली खरी घरं, वारल्यांचंही आहे. त्याच आवारात खडकांवर आदिमानवाची चित्रं. अर्धा दिवस लागतो आणि पायांत चांगले बूट हवेत. जनजातीय संग्रहालय २०१३ चं. तिथे तर मी दोन तास तोंड उघडं टाकून फिरले. भारत भवन मात्र अजून राहिलंच आहे. वास्तुकार चार्ल्स कोरियांची इमारत, १९८२ ची, पायऱ्यापायऱ्यांनी तलावाकडे उतरणारी. दारापर्यंत जाऊन आल्यामुळे मला ती पाहिल्यासारखीच वाटते.

पुन्हा सोमवारावर येते. अकरा वाजले होते, तीन दारं बंद झाली होती आणि दोघींची डोकी तापली होती. ती म्हणाली, "चल, तुला माझं घर दाखवते." मला वाटलं जेवायला नेते. नेलं टीटी नगरला. म्हणजे तात्या टोपे नगर. या नावातला तात्या टोपे कोण हे तिथल्या पोरांना सांगावं लागतं, ही माझी आणखी एक तक्रार. राजधानी झाल्यावर सरकारी नोकरांसाठी जे क्वार्टर बांधले त्यांतल्या एकात तिचं बालपण गेलं. आता स्मार्ट सिटीसाठी ते सगळे पाडलेत. समोर एक रुंद गुळगुळीत रस्ता, बाजूला पत्र्याचं कुंपण आणि कुंपणाच्या आत एक कडुनिंब.

पत्रा एका जागी वाकला होता. ही बाई तिथून आत. मी मागे. कडुनिंबाला पाठ लावून ती उभी राहिली आणि मोजून पावलं टाकायला लागली. "सात... आठ... नऊ, हा ओटा. इथे आई तांदूळ निवडायची. इथून डावीकडे मोरी." वाळलेल्या गवतात खरोखरच शहाबादी फरशीचा एक तुकडा होता. तिने चपलेने माती सारली, एक कडा दिसली, झिजून गोल झालेली. मग ती अजून चार पावलं गेली. "आणि ही इंदूरवाली खोली."

"इंदूरवाली?"

"सगळे तसंच म्हणायचे. मला वाटायचं इंदूरचे पाहुणे आले की तिथे झोपवतात म्हणून. माझ्या लग्नात आईने सांगितलं. पहिला हिवाळाभर बाबांनी ती रिकामी ठेवली होती. एक खाट आणि एक कंदील. तुझे बाबा येणार म्हणून."

मी म्हटलं शक्यच नाही. माझ्या वडिलांनी राजीनामा दिला होता, सगळ्या रामबागेला माहीत आहे, निजामाचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ती म्हणाली, "माझे बाबा गाडीत बसले तेव्हा तुझे बाबा स्टेशनवर आले होते. म्हणाले, 'तू हो पुढे, मी येतो.'"

आता हे माझे वडील म्हणाले असतील का? आम्ही त्या गवतात उभं राहून वीस मिनिटं भांडलो. माझं म्हणणं, माणूस गाडीत बसलेल्याला असं म्हणतोच, त्याचा अर्थ तसा नसतो. तिचं म्हणणं, मग माझ्या बाबांनी चार महिने खाट का मांडून ठेवली? शेवटी कुंपणाबाहेरून एक पोरगा ओरडला, "आंटी, वहाँ साँप है," तेव्हा दोघी एकसष्टीच्या बाया पत्र्यातून दोन सेकंदांत बाहेर.

दुपार जुन्या शहरात. तिथे बाजारपेठांना वारांची नावं आहेत: इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. आणि हो, सोमवारासुद्धा. "सोमवारी सगळं बंद, सोमवारा तेवढा उघडा," म्हणून तीच हसली. एका टपरीवर तिने मला मिठाचा चहा पाजला. साखर, दूध आणि वर मिठाची चिमूट. पहिला घोट तोंडात फिरतो आणि काहीतरी चुकलंय असं वाटतं. दुसऱ्या घोटाला मलईची गोडी वर येते आणि मीठ कुठे गेलं कळत नाही. मी जिरावणाची, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याची, पुडी पर्समध्ये घेऊन हिंडणारी इंदूरची बाई, मला चवीचं कोणी शिकवू नये, पण दोन कप प्यायले. पोह्यांबद्दल मात्र तडजोड नाही. भोपाळचे पोहे खाऊ नका, सकाळी इंदुरातून खाऊनच निघा.

चौकात जरीचा बटवा घेतला. काका दर मे महिन्यात आईसाठी एक बटवा आणायचे. आई त्यात सुपारी ठेवायची आणि वडील त्याला निजामाची थैली म्हणायचे. बटवा निवडताना वाकून दोरी ओढून बघा, भोक सैल असेल तर घेऊ नका.

मग ताज-उल-मस्जिद. डोक्यावर पदर-ओढणी घ्या, शुक्रवारी दुपारी जाऊ नका. शाहजहान बेगमने सुरू केली, पैसा संपला, काम पडून राहिलं, १९७१ ला पुन्हा हाती घेतलं आणि १९८५ ला संपलं. पण मला मशिदीपेक्षा बेगमांचं अप्रूप. कुदसिया, सिकंदर, शाहजहान, सुलतानजहान, चार बाया, मधली काही वर्षं सोडली तर एकीमागून एक, १८१९ ते १९२६. आम्ही इंदूरकर ऊठसूट अहिल्याबाईंचं नाव घेतो, घ्यायलाच हवं, पण बाईंनी कारभार केला तो महेश्वरला बसून, आणि त्यांच्यामागे गादीवर दुसरी बाई आली नाही. इकडे शंभर वर्षं हीच रीत. वडिलांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बरं, तलाव आणि बेगमा."

गॅसकांडाचं तिने मला त्या दिवशी काही दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. एका वळणावर गाडी हळू करून ती म्हणाली, "हा रस्ता स्टेशनकडे जातो," आणि पुढचे पाच मिनिटं गप्प. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वारा त्या बाजूला होता. कारखान्यासमोर आईमुलाचं एक शिल्प आहे. जायचं असेल तर जरूर जा, पण मित्राबरोबर सेल्फी काढायला जाऊ नका.

पाचला पुन्हा तलाव. जानेवारीत पावणेसहा-सहाला सूर्य बुडतो, म्हणजे दिवस हातात धरून ठेवावा लागतो हे लक्षात घ्या. यादी करणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. काठावर दोघी शाल गुंडाळून बसलो. पाण्यावर बदकांची काळी रेघ हलत होती, पलीकडे टेकडीवर दिवे लागत होते. ती म्हणाली, बाबांना शेवटपर्यंत इंदूरचीच स्वप्नं पडायची, सराफ्यात उभं राहून गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाण्याची. मी म्हटलं, "मग शहाणे कोण?" ती म्हणाली, "पेन्शन कोणाला मिळाली?" मी गप्प बसले. इथे मात्र तिचा मुद्दा मान्य, लिहून देते.

सातची बस होती. ती सोडायला आली, खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "आठवडाभर राहायला ये. मंगळवारी ये." माझ्या तोंडून निघून गेलं, "तू हो पुढे, मी येते." तिने खालून बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, म्हणाली, "बघ! बघ! याच्यावर खाट मांडू का मी?" कंडक्टर आमच्याकडे बघायला लागला.

आता तुमच्या कामाचं, घाईत राहून गेलेलं. सांची आणि भोजपूर एकाच दिवशी धरू नका, दोन दिशांना आहेत. एकच निवडायचं तर भोजपूर. देऊळ अर्धवट आहे आणि आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले त्याचे नकाशे अजून दिसतात, असं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? पण भोजपूर धरलंत तर संग्रहालयांपैकी एकच होईल. वन विहारात, म्हणजे तलावाकाठच्या प्राणीउद्यानात, चालत किंवा भाड्याच्या सायकलवर फिरा. जुनी विधानसभा, मिंटो हॉल, बाहेरून बघितली तरी पुरे. आता तिला कुशाभाऊ ठाकऱ्यांचं नाव आहे, धारचा मराठी माणूस, हे मित्राला सांगा. १७३७ च्या वेढ्याची पाटी मी पुष्कळ शोधली, मला कुठे दिसली नाही. मैत्रीण म्हणते, हरलेल्याच्या घरात जाऊन कोणी पाटी लावतं का. स्वेटर दोन न्या, गाडीवर मागे बसणाऱ्याला तीन.

आणि तुमचा मित्र भोपाळचाच असेल, तर निघायच्या आधी त्याला वार स्पष्ट विचारा. त्याचं उत्तर पूर्ण वाक्यात घ्या. मैत्रीण हे वाचणार आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती खाली येऊन काय लिहील तेही ठाऊक आहे.